रिकामी खोली, संध्याकाळी सहा

आठ महिने झाले आजोबाच्या हेडफोनचा तो डबा नेऊन. दुरुस्त करून आणते म्हणालीस, आणि पाठवलंस काय, तर दोन ओळींचा निरोप: भाग मिळत नाही, आजी, तू साधे हेडफोन घे, हल्ली सगळे सारखेच असतात. सारखेच म्हणे! तुझं डोकं आणि भोपळा लांबून सारखेच दिसतात, म्हणून मी काही भोपळ्याची वेणी घालायला बसत नाही.

प्रिय किडमिडे,

आता ख्यालीखुशाली. गुडघा होता तसाच आहे. शेजारीण मला भेटायला येते आणि स्वतःचीच दुखणी सांगून जाते. बाकी ठीक. आणि तो डबा आता आणू नकोस. साधे हेडफोन मिळाले, अगदी डब्यावाल्यांसारखे ऐकू येणारे. चौथी शिकलेल्या बाईने ते कसे शोधले ते आधी सांगते. खरं सांगायचं ते त्याच्या मागे आहे, आणि त्याला मला थोडा वेळ लागेल.

तुझ्या आजोबाचं काम तू लहानपणी बघितलंस, पण तुला कळलं नसेल. तो नाटकांचं ध्वनिमुद्रण करायचा. दोन वाक्यांच्या मधे कोरी टेप जोडली तर ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळतं, म्हणून तिथे खोलीची शांतता जोडावी लागते. तर बायका जुनी बटणं साठवतात तशी हा माणूस शांतता साठवायचा. प्रत्येक खोलीची वेगळी असते म्हणे. आपल्या बाहेरच्या खोलीच्या अकरा टेपा आहेत. प्रत्येकीवर मुंगीएवढ्या अक्षरात तारीख, वेळ आणि पुढे लिहिलेलं 'रिकामी'. स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून, कानाला ते हेडफोन लावून बसलेला असायचा, तरी रिकामी. स्वतःला तो मोजतच नसे.

स्वयंपाकघराच्या दारावर त्याने लाल दिवा लावला होता, आठवतो? तो लागला की घरात कोणी हलायचं नाही, शिंकायचं नाही, दार उघडायचं नाही. तुझा बाप लहानपणी दिवा लागला की श्वास रोखून लालबुंद व्हायचा. मी मात्र त्या दिव्याला कधी भीक घातली नाही. मुद्दाम भांडी आपटायचे, मुद्दाम चपला घालून फिरायचे. उजव्या चपलेचा तुटलेला पट्टा मी खिळा ठोकून बसवला होता, तो फरशीवर वाजायचा. तू मला टिकटिक आजी म्हणायचीस ते त्यावरूनच. वाया गेलेल्या कितीतरी टेपांवर आधी माझी टिकटिक आहे आणि मागोमाग म्हाताऱ्याची शिवी.

डब्यावाल्या हेडफोनवर त्याचा जीव. साध्यांमध्ये लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, ते पडदा ढकलतं. यांच्यात दोन जाळ्यांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा, तो डब्यातल्या विजेवर हलतो. साध्यांत माणूस ऐकू येतो, यांत माणसाची जीभ टाळूपासून सुटताना ऐकू येते, असं तो कौतुकाने सांगायचा. मला शिसारी यायची.

तो गेल्यावर सात महिने मी कपाटाला हात लावला नाही. मग एका दुपारी म्हटलं, नवरा जन्मभर काय ऐकत बसला ते एकदा बघू तरी. पहिल्याच टेपेत तो माझ्या उजव्या कानाशी श्वास घेत होता. नाकात शीळ वाजायची ना त्याच्या, ती शीळसुद्धा. मी मागे वळून बघितलं. हसू नकोस, तूही बघितलं असतंस. खुर्ची रिकामी, आणि श्वास चालूच. मग रोज दुपारी एक टेप. आठ टेपा मी आणि तो असे बसून होतो, जिवंतपणी कधी बसलो नाही इतकं शांत.

नवव्या टेपेत दार वाजतं. आधी दोनदा, मग थांबून एकदा.

तसं दार कोण वाजवायचं ते तुला सांगायला नको. तुझा बाप शाळेतून यायचा तेव्हापासून तसाच वाजवायचा. आमचं भांडण होऊन तो तुला आणि तुझ्या आईला घेऊन घरातून निघाला, त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर तीन महिन्यांनी त्याने एकदाच पत्र पाठवलं, की अमक्या तारखेला संध्याकाळी मी येऊन गेलो, दार वाजवलं, हाक मारली, कोणी उघडलं नाही. मी उलट टपाली लिहिलं, की खोटारड्या, त्या संध्याकाळी आम्ही दोघंही घरात होतो, कुणीही दार वाजवलं नाही. तेव्हापासून त्याचा एक शब्द नाही. टेपेवरची तारीख त्याच दिवसाची आहे.

पण त्या टेपेत दार वाजल्यावर आणखीही काहीतरी होतं. ते टेपेत आहे की डब्याच्या पोटात, हे मला कळेना. म्हणून तुला बोलावलं आणि नुसतं म्हटलं, डबा टिकटिकतो. तू कान लावलास आणि सहज म्हणालीस, हो आजी, ओल धरली की हे डबे आपलेआपण टिकटिकतात, टेपेत काही नसतं. ते वाक्य मी आठ महिने उशाशी घेऊन झोपले. पण उशाशी घेतलं म्हणून झोप येतेच असं नाही. डबा नसलेले, आणि तरी तितकंच बारीक ऐकवणारे हेडफोन मिळाले असते तर एकदाचा निकाल लागला असता. तुला वाटलं असेल म्हातारीला नवऱ्याच्या वस्तूचं वेड लागलं.

पिशवीत टेपरेकॉर्डर घालून मी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातले गुबगुबीत हेडफोन म्हणजे गोधडीत डोकं घालून ऐकल्यासारखं. दार वाजलेलं कळलं, बाकी काही नाही. दुकानदाराने विचारलं, नाही ना आवडले? म्हटलं, फार आवडले, आणि निघाले. दुसरीकडे नुसती धपधप, जणू कोणी छातीवर बसून कणीक मळतंय. तिसऱ्या दुकानातली बाई म्हणाली, आजी, कोणतं गाणं लावू? म्हटलं, माझं गाणं मी घेऊन आलेय. तिने स्वतः ऐकलं, भुवया उडवल्या आणि म्हणाली, अहो, दार वाजतं, बाकी यात तर काहीच नाही! तिला मी तोंड भरून आशीर्वाद दिला. लोक चांगले हेडफोन शोधतात, मी प्रत्येक दुकानात ते वाईट निघावेत म्हणून मनात जप करत होते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या बाईनेच एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. एका कानाने बहिरा माणूस, टेबलावर उघडलेल्या रेडिओंचा ढीग. कसे हेडफोन हवेत ते त्याने ऐकून घेतलं आणि फळीवरून एक जुनी जोडी काढली. पाठीला झाकण नाही, नुसती जाळी. म्हणाला, आवाज मागे कोंडला नाही की मोकळा येतो. कानावरचा कुजलेला स्पंज सोलून काढला, पातळ फडकं ताणून बसवलं, आणि म्हणाला, आता बघा, डब्यावाल्यांच्या तोंडात मारतील. आधी त्याने आपला चांगला कान लावला. हसत होता, मग हसायचा थांबला. टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. मला म्हणाला, आजी, कोणीतरी चालत आलं, दाराशी थांबलं, आणि परत गेलं. दार का नाही उघडलं?

म्हणून हे पत्र. आपला डबा टिकटिकतो हे त्याला माहीत नव्हतं, तारीख माहीत नव्हती, मी माहीत नव्हते. मी तिथेच स्टुलावर बसून ऐकलं. दार वाजतं, दोनदा आणि एकदा. म्हाताऱ्याच्या नाकातली शीळ थांबते. बाहेरून हाक येते, आई. मग टिक, टिक, आतून बाहेर, नऊ वेळा. मग काही नाही. मी मोजलं, खूप वेळ काही नाही, नुसती आपली बाहेरची खोली. मग टिक, टिक, परत आत. शेवटी शीळ पुन्हा सुरू होते. त्याने ऐकलं होतं, किडमिडे, सगळं ऐकलं होतं, आणि वर लिहून ठेवलं रिकामी. मरेपर्यंत बोलला नाही. मी मात्र येईल त्याला सांगत राहिले, की बापाच्या हट्टापायी पोरगा गेला. मला ती नऊ पावलं आठवत नाहीत. देवाशप्पथ आठवत नाहीत. दिवा लागला होता म्हणून परतले, असं म्हणता येईल, पण जन्मभर ज्या दिव्याला भीक घातली नाही, त्याला नेमकी त्याच दिवशी घातली का? टेप आणि हेडफोन यासोबत पाठवतेय, ते तुझ्यासाठी नाहीत. पत्र वाचून झालं की सगळं तुझ्या बापाच्या हातात दे. मला एवढंच कळायला हवं, की त्या दिवशी दाराबाहेर उभं असताना त्याला माझी टिकटिक ऐकू आली होती का. उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या आईनेही नाही. त्यानेच लिहायचं, स्वतःच्या हाताने.

तुझीच,
टिकटिक आजी