युब्लिना पाणी प्यायली

४ ऑगस्ट
उचलली! भर बाजारातून, चार-पाच बाप्यांनी, गाडीत कोंबून. युब्लिना — आमच्या चर्चच्या शाळेतली मास्तरीण. आता तिच्यावर डोळा असलेल्या उंबू तागूच्या घरात खांबाला टेकून बसलीय आणि अंगणात काशाच्या थाळ्या बडवतायत, सून आली म्हणून! लपवलेल्या फोनवरून मला एकच ओळ आली: "ताई, मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही."
शहाणी पोरगी. उचलून आणलेलीनं त्या घरचा घोट घेतला की झाला होकार!

६ ऑगस्ट
आणली बाहेर. पोलीस आधी ढिम्म. "वकीलबाई, हा घरगुती मामला, रीतीभातीचा..." म्हटलं, जबरदस्तीच्या लग्नाला आता तुरुंग आहे, आणि तुम्ही आला नाहीत तर तुमचीही तक्रार करीन. निघाले मुकाट.
तागूच्या ओसरीवर माझ्यापुढे पानसुपारीची टोपली आली. घेतली असती तर बोलणी मान्य. मी हात मागे बांधून उभी! तागूची काकू कडाडली, "हेच शिकवलं का गं तुझ्या आईनं?" म्हटलं, "आईनं नाही, तुम्ही. घेतलं की होकार, हे तुम्हीच शिकवलंत."
युब्लिनाला चालवत नव्हतं. ओठ फाटलेले. गाडीत बाटली दिली तर विचारते, "ही कोणाकडची?"

९ ऑगस्ट
तागूकडून बोलणी करायला कोण उभं? माझे बाबा! मुलीच्या बापाला घोडे किती, म्हशी किती द्यायच्या, हे ठरवावं तर त्यांनीच. अख्ख्या सुंबा बेटावर अशी जीभ नाही. मला कोर्टात पुरते तीही त्यांचीच.
जेवताना म्हणाले, "जकार्तात जन्मलेल्या कायद्याला आपल्या रीतीची चव काय?"
"आणि रीतीला कायद्याची? गाढवाला गुळाची असते तेवढीच!" मी म्हटलं. आईला हसता हसता ठसका लागला, उठून आत गेली.

१७ ऑगस्ट
इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. झेंडे, भाषणं. युब्लिनाच्या बापानं आज तागूचा घोडा दावणीला बांधून घेतला, म्हणजे त्याच्याकडून लग्न मान्य. ती माझ्याकडेच राहतेय.

११ नोव्हेंबर
कोर्टात घात झाला. तागूचा वकील म्हणे, ती प्यायली. पेला भरून. दोन साक्षीदार! म्हणजे राजीच होती. युब्लिनाची मान खाली. बाहेर आल्यावर रडली. "प्यायले ताई. निरोप पाठवल्यावर. तुम्हाला सांगायची लाज वाटली."
संताप संताप झाला — तिचा नाही, माझा! तीन महिने मीच छाती काढून सांगत हिंडले, पोरीनं थेंब घेतला नाही. म्हणजे मीही तिला त्यांच्याच तराजूत तोललं की! वकील कसली मी, तागूची दुसरी काकू!
बाबा घरी खुशीत. "घोट घेतला की संपलं. तुझ्या आईलाच विचार, कशी नांदली ते!"
आई भात वाढत होती. वाढतच राहिली.

१२ नोव्हेंबर
उभी राहून सांगितलं: हो, प्यायली! घडाभर प्यायली असती तरी काय? तहान लागली की माणूस पाणी पितो, लग्न करत नाही. तागूचे लोक फिदीफिदी हसले. चोर तो चोर, वर शिरजोर!
न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमचं ऐकलं. पण त्या खांबाशी बसलेली, घोट घेतलेली कुणी हे सांगेल का?" सोमवारपर्यंत मुदत.

१४ नोव्हेंबर
गावोगाव फिरले. अशा बायका घरटी एक. सगळ्या एकच म्हणतात, "आता कशाला पोरी, नातवंडं झाली." एकीनं दारच लावून घेतलं. लावू दे. उद्या पुन्हा जाणार!

१५ नोव्हेंबर
निघतच होते. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि अशील बसतात त्या खुर्चीत बसली. ओसरीवर बाबा पान चघळत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी तिसऱ्या दिवशी प्यायले. पेला तुझ्या बाबांच्या आईनं धरला होता. तहान लागली होती गं. बाकी काही नाही."
मग आमच्याकडच्या रीतीनं, मायेनं माझ्या नाकाला नाक लावलं. "कोर्टात किती वाजता यायचं?"