यंत्र का ओरडत होतं

बनशंकरी, बेंगळूर
डिसेंबर १९९६

प्रिय चंदना,

अभिराजचं धातू शोधायचं यंत्र बिघडलेलं नाही, हे आधी सांगतो. आपल्या हातून त्याची वस्तू खराब झाली असं मनाला लावून घेऊन तू दावणगेऱ्याला माहेरी गेलीस, असंच मी इतके दिवस समजत होतो.

शेजारच्या मल्लाप्पांच्या नातीचं कानातलं बागेत पडलं, म्हणून अभि गेल्यानंतर तू पहिल्यांदाच ते यंत्र बाहेर काढलंस. तुझ्या हातात ते पावलापावलाला ओरडायला लागलं. मी शहाण्यासारखा सगळ्यांदेखत बोलून गेलो, की तू धरलंस की हे बोंबलतं! दुसऱ्या दिवशी सकाळीच तू बस धरलीस.

मग मी हट्टालाच पेटलो. बॅटऱ्या नव्या घातल्या. चिकपेटेतल्या दुकानदाराने बटण स्वल्प कमी ठेवा म्हटलं, ते ठेवलं. सैल वायर दांड्याला गुंडाळून बांधली. तरी माझ्या बुटांच्या खिळ्यांवर ते किंचाळेच, म्हणून रबरी चपला घातल्या आणि ते मुकाट झालं. मल्लाप्पांना विचारून पुन्हा बागेत गेलो. पेरूखाली, बोटभर मातीत कानातलं मिळालं. पोरगी नाचलीच. खड्डा बुजवून वर गवताची ढेप बसवली. अभि याबाबतीत किती कडक होता, तुला ठाऊकच आहे. विचारल्याशिवाय खणायचं नाही, खणलेलं बुजवायचं, सापडेल ते ज्याचं त्याला द्यायचं.

त्या आनंदात यंत्र तुझ्या सासूबाईंच्या हाती दिलं, तर पहिल्याच पावलाला बोंब. बाई अनवाणी होत्या. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. जोडवी! आणि आम्हा दोघांना एकदमच तुझे मोजे आठवले. फेब्रुवारीत अभि गेला, बायकांनी तुझी जोडवी उतरवली, तेव्हापासून तू घरातही मोजे घालतेस. एप्रिलच्या उकाड्यातही तुला पायाला थंडी वाजायची आणि आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. सासूबाई तिथेच पायरीवर बसून रडल्या. मलाही आवरलं नाही.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध आहे आणि येणं जमणार नाही असं तू कळवलंस. आत्ता कुठे कारण कळलं, म्हणून हे पत्र. नात्यातल्या बायका जमतील, त्यांच्यासमोर पाय धुवायची वेळ येईल, हेच ना? पोरी, तू नसलीस तर त्या दिवसाला काय अर्थ? अभिचा नियम या घरालाही लागू आहे. मी तुला काही खोदून विचारणार नाही, दुसऱ्या कोणाला विचारू देणार नाही. जे तुझं आहे ते तुझ्यापाशी राहू दे. तू फक्त घरी ये. सासूबाईंचा निरोप एवढाच आहे, की येताना मोजे आणू नकोस.

तुझेच,
अण्णा