तुमच्या नावावर चाललेली पावलं

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. मी ठीक, आई ठीक. तुमची खुशाली विचारत नाही, ती काल दवाखान्यात कळली. एकाच घरात राहून पत्र लिहितोय, कारण मी तोंड उघडलं की तुम्ही शिलाई मशीन सुरू करता.

डॉक्टर म्हणाले, "रोज अकरा हजार पावलं चालूनही उपाशीपोटी साखर दोनशे चाळीस? मग आता इन्शुलिनच." आणि तुम्ही बिचाऱ्यासारखी मान हलवलीत. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला उठता, तेवढंच तुमचं चालणं. डॉक्टरांनी तुम्हाला घालायला सांगितलेलं ते पावलं मोजणारं घड्याळ चार महिने माझ्या मनगटावर होतं, गोदामात खोकी उचलताना. त्या आकड्यांवर त्यांनी दोनदा गोळ्या वाढवल्या. त्या तुम्ही तीन चमचे साखरेच्या चहाबरोबर गिळल्यात.

मीही साधू नाही. "तू हे घाल, मी सायकलवाल्याकडे तुझा विषय काढतो," हे तुमचे शब्द. म्हणून घातलं. संध्याकाळी त्याच्या मुलीसाठी गल्लीत मारलेल्या फेऱ्याही तुमच्याच नावावर गेल्या. रविवारी तिचं लग्न दुसरीकडे ठरलं. जाब विचारला तर म्हणालात, "कॉलेज सोडलेल्याचं स्थळ कुठल्या तोंडाने नेऊ?" हे चार महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं?

असो. ते माझं मी बघेन.

पण सुईत दोरा ओवायला हल्ली आईला हाक मारता, उजेड कमी पडतो म्हणता. बाबा, तिथला दिवा मी गेल्याच महिन्यात बदललाय, दुप्पट उजेडाचा.

आज दुपारी डॉक्टरांना सगळं सांगून आलो. घड्याळाचं, चहाचं, दोऱ्याचं. शिव्या मलाच पडल्या. इन्शुलिन टळेल की नाही, ते बोलले नाहीत. उद्या सकाळी डोळे तपासायला बोलावलंय. आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चालायचं, स्वतःच्या पायांनी. चहा बिनसाखरेचा. आईलाही सांगितलंय, त्यामुळे साखरेचा डबा शोधू नका.

चालताना मी बरोबर असेन. सोबत समजू नका, पहारा आहे. सायकलवाल्याच्या गल्लीतून तेवढं जायचं नाही.

आधी तुमचे डोळे वाचू देत, मग सवडीने भांडू. आज्ञा पाळूनच हे सगळं झालं, म्हणून 'आज्ञाधारक' लिहीत नाही.

नुसता,
तुमचा मुलगा