गाडी आली तेव्हा इनोस कुठे होता

१४ सप्टेंबर १९७१

आधी इनोस! माझ्याआधी इनोस टटल!

ग्रंथालयाची ती मिस हॉगन आज दिवसभर त्याच्याकडे टेपरेकॉर्डर लावून बसली होती. गव्हर्नरच्या जुन्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवणार म्हणे. (पुढे तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, तरी आम्ही जुने अजून गव्हर्नरच म्हणतो.) माझी पाळी महिन्याने. वा रे न्याय! नेब्रास्कात त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं तेव्हा या जिल्ह्यात त्याच्यासाठी दारोदार कोण हिंडलं? मी. बरं, इनोसही होता. पण मी जास्त.

ॲग्नेस म्हणाली, "त्याचं घर रस्त्यावर आधी लागतं, लॅम. बाकी काही नाही." नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून नाही.

१६ सप्टेंबर

न्हाव्याकडे इनोस भेटला. "काय काय सांगितलंस?" म्हटलं. "होतं ते," म्हणाला. एवढंच!

मग न्हाव्यानेच बातमी फोडली. इनोसने आपल्या बोलण्यातला एक तुकडा बंद करून ठेवलाय. तशी सोय असते म्हणे — बोलणाऱ्याने सांगितलं, तर तो भाग ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच ऐकवत नाहीत. 

"माझ्याबद्दल आहे का रे?" मी तोंडावरच विचारलं.

इनोस कोट चढवत होता. "मानेवरचे केस राहिलेत तुझे, लॅम," म्हणाला आणि चालता झाला.

म्हणजे माझ्याबद्दलच!

१७ सप्टेंबर

काय असेल? काय असेल?

२२ सप्टेंबर

गोठ्याचं दार दुरुस्त करायला घेतलं, अर्धवट टाकलं. मका कापणीला आलाय, त्यातही मन नाही.

"चोराच्या मनात चांदणं," ॲग्नेस म्हणाली. "काही केलं नसशील तर एवढा तडफडतोस कशाला?"

काही केलं नाही म्हणूनच तडफडतोय! केलं असतं तर काय सांगितलं असेल ते तरी कळलं असतं. आता काहीही असू शकतं. नातवंडं उद्या ते ऐकणार, आणि मी खरंखोटं करायला असेन-नसेन.

५ ऑक्टोबर

आमच्या अलीकडच्या स्टेशनचा, डेल्टनचा होबार्ट बाजारात भेटला. मिस हॉगन त्याच्याकडेही जाऊन आली. गडी नुसता फुललाय! "गव्हर्नरची गाडी आमच्या स्टेशनवर थांबली ना, तेव्हा त्याने माझ्या खेचराची चौकशी केली. नावाने! काय स्मरणशक्ती माणसाची!"

हसू दाबताना पुरेवाट झाली माझी. अरे बाबा, गाडीतून प्रचार करणारा प्रत्येक उमेदवार हेच करतो. अलीकडच्या स्टेशनवर आपला एखादा माणूस आत चढतो आणि पुढच्या गावात कुणाचं काय चाललंय ते त्याच्या कानात घालतो. कुणाला नातू झाला, कुणाचं पीक झोपलं, कुणाचं खेचर. मग उमेदवार मागच्या डब्याच्या कठड्याशी उभा राहून नावाने हाका मारतो, आणि लोक पाघळतात. मी आणि इनोसने आळीपाळीने किती उमेदवारांसाठी हे काम केलंय! होबार्टला हे कोण सांगणार? खेचरावर जन्म काढला बिचाऱ्याने.

१४ ऑक्टोबर

झालं! मिस हॉगन नऊला आली. ॲग्नेसने खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, केले होते, पोरीने चार खाल्ले. पोरगी चांगली आहे. मध्ये बोलत नाही, नुसती मान हलवते. मग माणूस वाहवत जातो.

गाडीचा दिवस सगळा सांगितला. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याची दुसरी निवडणूक, आणि ते साल असं, की गव्हर्नर आपटणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. वर्तमानपत्रांनी तर त्याला केव्हाच पोहोचवला होता. फलाटावर जेमतेम शंभर माणसं, वारा असा की बँडवाल्यांचे ओठ फुटले. गाडी थांबली. तो मागे आला, टोपी काढली, आणि पहिलं वाक्य काय? "लॅम वावरा कुठाय? लॅम, पाय कसा आहे तुझा?"

मार्चमध्ये पवनचक्कीवरून पडून माझा पाय मोडला होता. वॉशिंग्टनमध्ये बसून त्याने ते ध्यानात ठेवलं! युद्ध, कर्जं, कोण कुठले राजे सांभाळायचे, आणि वर माझा पाय! मी कुबडी उंच धरली. लोक ओरडले. टेपवर हे मी दोनदा सांगितलं. पोरीने पाणी दिलं.

मग इनोसचं काढलं. काढायचं नव्हतं — नाही, काढायचंच होतं. मी म्हणालो, "गव्हर्नरच्या पडत्या काळात आमच्या स्टेशनवर एक माणूस नव्हता, इनोस टटल. कुठे होतास म्हणून विचारलं तर म्हणे काम होतं. हरणाऱ्याच्या शेजारी दिसायला नको, हे काम!" न्हाव्याकडे हा टोमणा मी तेवीस वर्षं मारत आलोय, आता टेपवर गेला. आणि माझं बोलणं सगळं उघडं ठेवायचं, असंही बजावलं. मी काही लपवत नाही!

१५ ऑक्टोबर

हलकं वाटायला हवं होतं.

३ नोव्हेंबर

माझ्या बोलण्याची टंकलेली प्रत आली. वाचून चुका सुधारायच्या आणि सही करून परत पाठवायची. सही झाली की ती कायमची त्यांची.

ॲग्नेसने चष्मा लावून सगळं वाचलं. इनोसच्या जागी थांबली. "हे खोड, लॅम. चाळीस वर्षांचा शेजार आहे."

"त्याने माझ्याबद्दल काय ठेवलंय ते तो खोडणार आहे का?"

"तुला माहीत तरी आहे का काय ठेवलंय?"

दोन-तीनदा पेन्सिल उचलली. शेवटी 'पवनचक्की' एके ठिकाणी चुकीची छापली होती ती नीट केली, सही ठोकली, पाकीट टाकून आलो. येताना इनोस दिसला, कुंपणाची तार ओढत होता. हात केला त्याने. मीही केला.

१९ नोव्हेंबर

इनोस गेला. सकाळी गाई पिळायला बसला तो उठलाच नाही.

२२ नोव्हेंबर

पुरून आलो. खांदा देणाऱ्यांत त्याच्या बायकोने माझं नाव स्वतः घातलं होतं. "तूच हवास असं तो म्हणायचा," विल्डा म्हणाली. चर्चच्या तळघरात डुकराचं मांस आणि बटाटे होते, मी ताट तसंच परत ठेवलं. सगळे त्याच्या गोष्टी सांगत होते. मला एकही सुचली नाही.

आणि लाज वाटते लिहायला — डोक्यात तेच. आता तर तो गेला. आता तो तुकडा उघडतील.

२९ नोव्हेंबर

मिस हॉगनला फोन केला. म्हटलं, इनोस आता नाही, ऐकवा मला.

"मुदत त्यांच्या मृत्यूपर्यंत नव्हती, मिस्टर वावरा," ती म्हणाली. "तुमच्या मृत्यूपर्यंत आहे."

विषय तरी सांगा, म्हटलं. तेवढा सांगता येतो. तिने वाचून दाखवला — 'गव्हर्नरच्या गाडीत डेल्टनला चढलो, त्या दिवसाबद्दल.'

गाडीत होता तो. माझा पाय त्याने सांगितला. आणि तेवीस वर्षं माझा टोमणा ऐकून घेतला.