लाल गाडीच्या चार वायरी

४ ऑक्टोबर १९८७, रविवार

भीमराव येऊन गेले. माझे धाकटे दीर. अवघड बोलायचं असलं की आधी पाच मिनिटं पंख्याकडे बघतात. शेवटी निघालं — २८ नोव्हेंबरला ह्यांचं वर्षश्राद्ध. पंगती शेडमध्ये बसवाव्या लागतील, आणि शेडमध्ये ती गाडी! उल्हासनगरच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंय म्हणाले.

राहू दे, म्हटलं.

"वहिनी, ती आपल्या चाकांनी बाहेर आली तर राहील. नाहीतर त्या दिवसाआधी तो येऊन तोडून नेणार."

बरं, म्हटलं. मी नेहमी तेच म्हणते.

५ ऑक्टोबर

शाळेच्या ऑफिसातून आल्यावर ताडपत्री काढली. दोन माणसांपुरती, लाल, विलायती. इंजिन पाठीमागे. ह्यांच्या कारखान्यातला साहेब मायदेशी जाताना ह्यांना देऊन गेला. तेव्हापासून तेरा वर्षं आमच्या घरात आम्ही तिघं.

इंजिन चालू होतं. गियर पडत नाही. पुढच्या दांडीपासून मागच्या गियरबॉक्सपर्यंत एक लांब सळई जाते. तिला तीन सांधे, तिन्ही झिजलेले. दांडी हलवली की पातेल्यात डाव फिरवल्यासारखं वाटतं. ह्यांनी ते सांधे किती वेळा नवे करून आणले! महिनाभर टिकायचे.

विकणार नाही. तोडू तर मुळीच देणार नाही. ह्यांचं एवढंच उरलंय.

११ ऑक्टोबर, रविवार

चंदरला बोलावलं. विठ्ठलवाडी डेपोच्या मागे स्कूटर दुरुस्त करतो. ह्यांचा दोस्त. गाडीखाली शिरला तो बाहेर येईना. मला वाटलं झोपला. मग खालून आवाज — "वहिनी, ही सळईच काढून टाकू. स्कूटरच्या गियरवायरी टाकू."

चालेल का, विचारलं. स्कूटरला चालतं, म्हणाला. ही स्कूटर नाही हे मी बोलले नाही.

वायर ओढते, पण ढकलत नाही. म्हणून स्कूटरला दोन असतात. एक ओढली की दुसरी सैल. हे तो कागदावर काढून समजावत होता. मी म्हटलं, म्हणजे ताकाची रवी. दोरीची दोन टोकं, एक ओढायचं, एक सोडायचं. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

गाडीच्या गियरला मात्र दोन हालचाली — आधी आडवं सरकायचं, मग पुढे किंवा मागे. म्हणजे दोन रव्या. चार वायरी.

१७ ऑक्टोबर

उल्हासनगर, कॅम्प तीन. दुकानदाराने वायरी मोजून दिल्या आणि विचारलं, "बाई, दो स्कूटर है?" एकपण नाही, म्हटलं. मोटारला लावायच्या आहेत. आधी हसला. मग पुढे वाकून हळूच — "किसी को बोलना मत, मेरे यहां से लिया."

२२ ऑक्टोबर

दिवाळी. आपल्याकडे यंदा नाही. शेजारच्यांनी फराळ आणून दिला. इतका, की चंदरच्या बोटांना ग्रीसपेक्षा तूप जास्त.

सळई कापून काढली. ह्यांचे सांधे पुसून डब्यात ठेवले. मग आत जाऊन जरा बसले.

३१ ऑक्टोबर

आज गंमत झाली. कोणाला सांगणार, म्हणून इथे.

चंदर वॉशर आणायला गेला होता आणि मी गाडीखाली. साडी नको म्हणून ह्यांची खाकी पँट, ह्यांचेच कॅनव्हासचे बूट. पाय बाहेर. माझी जाऊ बनूबाई चहा घेऊन आली आणि त्या पायांशी बोलायला लागली. "चंदरभाऊ, तुम्हीतरी समजवा ताईंना. रडत नाहीत, बोलत नाहीत. त्या डबड्याजवळ बसून असतात. मला तर भीती वाटते, डोक्यावर परिणाम झालाय."

काय करावं कळेना. शेवटी हात बाहेर काढून कप घेतला. एक घोट प्यायले.

"साखर कमी आहे," म्हटलं.

बनूबाई गेली ती थेट घरी. चप्पल इथेच.

८ नोव्हेंबर

एक वायर सायलेन्सरला टेकून वितळली. शेडभर वास. पुन्हा उल्हासनगर. दुकानदार म्हणाला, "तीसरी स्कूटर ली क्या?"

१५ नोव्हेंबर, रविवार

चारही वायरी बांधून झाल्या. मी मागून गाडीखाली, चंदर सीटवर. मी सांगायची — ही डावी, ही उजवी. तो बांधायचा.

वर्ष सरलं नाही, पूजा नको, असं बनूबाई म्हणाली. भीमरावही नको म्हणाले. तरी चंदरने पुढच्या चाकांसमोर दोन लिंबं ठेवलीच. एवढं तरी पाहिजे म्हणे. मी साडी नेसून आले. सगळे शेडच्या दारात उभे. चंदरने पहिला टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे गेली!

मागे श्राद्धासाठी आणलेली पातेली रचून ठेवलेली. त्यांचा आवाज शिवमंदिरापर्यंत गेला असेल.  चंदर खाली उतरला, चाकांकडे बघितलं.

"वहिनी, लिंबं वाचली."

मला हसू फुटलं. थांबेचना. सगळ्यांसमोर. तोंडावर पदर घेतला तरी खांदे हलत होते. वर्ष झालं नाही आणि बाई हसते, असं बनूबाईच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. मग बघते तर पातेली गोळा करायला गेलेले भीमराव त्यांच्यामध्येच बसलेले, डोळे पुसत. हसताहेत की काय ते कळेना. "दादा असता," म्हणाले, आणि एक पातेलं उचलून त्याचा पोचा बघायला लागले.

१६ नोव्हेंबर

चूक माझी. मागून डोकं आत घालून उताणं झोपलं, की आपला डावा हात गाडीच्या उजव्या बाजूला येतो. डावीच्या जागी उजवी बांधली गेली, म्हणून पहिल्याऐवजी रिव्हर्स. शाळेच्या ऑफिसात पंख्याखाली बसून कळलं. टेबलावर आडवं होऊन खात्री करावीशी वाटत होती. हेडमास्तर समोर होते.

२१ नोव्हेंबर

टोकं बदलली. पहिला पडला. दुसरा पडला! रात्रभर भिजवलेल्या साबुदाण्यात बोट जावं तसा. आपल्या चाकांनी बाहेर आली. चंदरने शेजारी बसून मला चालवायला लावलं. स्कूटरवाल्यापेक्षा तुम्हाला वायरी जास्त माहीत, म्हणाला. बुवापाड्यापर्यंत गेलो. चार वेळा बंद पडली.

भंगारवाल्याला भीमरावांनीच नको म्हणून कळवलं.

२८ नोव्हेंबर

श्राद्ध झालं. पातेली पोचे पडलेलीच वापरली. पंगत उठली की माणसं हात पुसत गाडीकडे. भीमरावांनी तीनदा नव्या उपरण्याने काच पुसली. कोणी टेकलं की ओरडत होते.

२९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी एकटी निघाले. बदलापूरपर्यंत, आणि पुढे बारवीच्या रस्त्याला. सगळे गियर पडले.

परत येऊन चावी भीमरावांना दिली. ते नको नको म्हणत दोन्ही हात पुढे करत होते.

मला ही गाडी कधीच आवडली नाही. तेरा वर्षांचे सगळे रविवार तिने घेतले. ह्यांना कधी बोलले नाही. आज बारवीच्या रस्त्यावर, काच खाली करून, मोठ्याने सांगून टाकलं.

गाडीखाली मात्र आवडलं. चंदरकडे एक टेम्पो आलाय, दुसरा गियर पडत नाही. उद्या शाळा सुटली की जायचंय.