गुलबासाची वेळ

प्रिय कौसल्या,

पत्र लिहायची मला सवय नाही. सातवीनंतर पेन हातात आलं ते कंपनीच्या गेटवर. पण आज दुपारी जे पाहिलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवा तुझं वर्षश्राद्ध. लेकरं येतील. त्याआधी कळलं, हेच बरं झालं.

गेल्या सालचा भादव्यातला तो दिवस आठवतो का? मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या तुझ्या गुलबासापाशी तू उभी होतीस. आत येऊन म्हणालीस, "अवं, गुलबास फुलला. चहा ठेवते."

मी घड्याळ पाहिलं. तीनसुद्धा वाजले नव्हते! आपला चहा तुझी फुलं उघडली की व्हायचा, म्हणजे पाचच्या आसपास. मी तर जन्मभर कंपनीत शिफ्टचा भोंगा वाजवलेला. एक मिनिट इकडं-तिकडं झालं तरी जीव खालीवर व्हायचा. ओरडलोच, "डोकं फिरलं का तुझं? अजून तीन नाय वाजले!"

"बाहेर येऊन बघा तरी," तू म्हणालीस.

मी उठलो नाही. का उठलो नाही गं? चार पावलं तर होती!

उलट गंगापूरला वंदनाला फोन लावला, "तुझ्या आईला वेळेचं भान राहिलं नाही." तू दारात ऐकत होतीस. वंदनानं ते दिलीपला सांगितलं. मग आपला लेक तुझ्याशी मोठ्यानं, सावकाश बोलायला लागला, लहान लेकराशी बोलावं तसा.

त्यानंतर तू नऊ दिवस होतीस. आयुष्यात कधी घड्याळाकडं न बघणारी बाई मला विचारायला लागली, "किती वाजले? चहा ठेवू का?" मला वाटलं, भ्रम वाढला. आता वाटतं, तुझा तुझ्या डोळ्यांवरचा भरवसाच मी काढून घेतला होता. मग एका सकाळी तुझं काळीज थांबलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. फुलं त्या दिवशी खरंच उघडली होती का?

म्हणून पहारा सुरू केला. रोजची वेळ कॅलेंडरच्या पाठीवर लिहितो. काय काय कळलं म्हणून सांगू! उन्हाळ्यात गुलबासाला सहा वाजतात, दिवाळीनंतर साडेचारलाच उघडतो. थंडीत चहा लवकर मिळायचा, तो तुझ्या लहरीनं नव्हता तर! शहागंजच्या बाजारातून ऑफिस टाईमच्या फुलाचं रोप आणलं. ते सकाळी नऊच्या उन्हात उघडतं, दुपार कलली की मिटतं. आभाळ आलं की कामावर येतच नाही! त्याला डोळे नाहीत, मग ऊन कळतं कशानं? रोपवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काका, लोक भाव विचारतात. हे कुणीच नाय विचारलं."

गुलबासाला अंधार लागत असेल, असं वाटून एका दुपारी त्याच्यावर टोपलं पालथं घातलं. शेजारच्या शकिलाभाभी भिंतीवरून म्हणाल्या, "चाचा, अंदर मुर्गी बिठाए क्या?"

"व्हय, पण अंडं देईना!" म्हणालो खरा, पण दिवसभर धाकधूक. आता मलाही भ्रमिष्ट ठरवतात की काय! कळ्या तर टोपल्याखाली उकडून मलूल झाल्या.

आज सकाळपासून आभाळ गच्च होतं, वारा गार. जेवण झाल्यावर झाडापुढं स्टूल टाकून बसलो. अडीचपर्यंत काही नाही. मग राणी रंगाच्या एका कळीचा पीळ सैल झाला. मग एक पिवळी. मग बघता बघता सगळं झाड! घड्याळात तीनला दहा कमी. साक्षीला कुणीतरी पाहिजे ना? भाभींना हाक मारली, "भाभी, फुलं उघडली का बघा!"

"खुले हैं ना चाचा, दिखते नहीं क्या? बादल रहे तो जल्दीच खुलते. चाची हमेशा बोलते थे."

शेजारणीला ठाऊक होतं, कौसल्या! एका घरात राहून मलाच नव्हतं. कधी विचारलंच नाही तुला.

आणि त्या दिवशीही आभाळ भरलेलं होतं. घड्याळाचे काटे दिसेनात म्हणून मी भर दुपारी दिवा लावला होता. दिवा लावला, पण दाराबाहेर डोकावलो नाही.

दिलीप अजून पाहुण्यांना सांगतो, "आईला शेवटी कळत नव्हतं." ते वाक्य माझ्याच तोंडचं. परवा पंगत बसायच्या आधी सगळ्यांपुढं उभा राहून सांगीन की तुमची आई शेवटपर्यंत भानावर होती, चूक माझी होती. दिलीप म्हणेल, "बाबा, आता कशाला?" म्हणू दे. माझी जीभ अडखळेल, पण सांगितल्याशिवाय पहिला घास घेणार नाही. शब्द देतो.

तुझा,
रंगनाथ