मुलीला कोण दत्तक घेतं

आई, मला नात झाली, आणि पहिल्याच दिवशी ती मला कडकडून चावली. अंगठ्याखाली चार दात उमटलेत. सून घाबरून औषध आणायला पळाली आणि मी आपली हसत सुटले. धाकट्याच्या घरी, मद्रासच्या अण्णा नगरला, चार वर्षांची आयती नात आली आहे. आश्रमातून आणली, कोर्टानं हो म्हटलं, आता ती आपली. आल्यापासून दोन ताटं फेकली, धाकट्याचा चष्मा मोडला, शेजारणीच्या पोटात लाथ घातली. (शेजारीण लाथ खाण्यासारखीच आहे, पण ते असो.) झोपते पलंगाखाली. सून तमिळ घरची, मला अत्तै म्हणते. रडकुंडीला येऊन म्हणाली, "अत्तै, आपण हिला इतकं प्रेमानं घेतो, मग ही अशी का करते?" मी म्हटलं, "मार खाल्लेलं पोर आहे गं. घर खरं आहे का खोटं, ते दातानं बघतंय." धाकटा म्हणाला, "आई, हे तुला कोणी सांगितलं?" आता काय सांगू त्याला? मी तुला चावले होते तेव्हा तो कुठं जन्मला होता!

म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन किती वर्षं झाली, मी आता तुझ्यापेक्षा म्हातारी आहे, गंमतच ना? शाळेत गेले ती जेमतेम दुसरीपर्यंत, तीही तमिळ. मराठी अक्षरं तू गिरवून घेतलीस, तेव्हा चुका दिसल्या तर त्या तुझ्या.

पेरंबूरची ती घरांची लाइन आठवते का? आठ घरं, मधे अंगण, अंगणात एक विहीर, आणि मागून दिवसभर रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा. आम्ही तंजावरकडचे, पिढ्यान् पिढ्या मद्रास मुलुखातले, आमची मराठी अर्धी तमिळ. तू नगरकडची ख्रिस्ती. तुझा नवरा कारखान्यात फिटर होता, तो गेल्यावर तू मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून राहिलीस. तू बोललीस की आमच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि आम्ही बोललो की तू हसायचीस, पदर न लावता. अप्पा कापडाच्या पेढीवर कारकून. बाहेर मान खाली, आवाज मऊ. घरात शिरला की आधी कडी लावायचा. मग आम्ही दोघी, अम्मा आणि मी, त्याच्या पायांकडे बघायचो. चप्पल सरळ काढली तर ठीक. उडवली तर एकीला मार. कोणाला, ते तोच ठरवायचा. आणि मारायचं लाकूड आपणच सरपणातून निवडून त्याच्या हातात द्यायचं. पातळ आणलं तर परत पाठवायचा.

मी नऊ वर्षांची असताना त्यानं अम्माला वरवंट्यानं मारलं. सांबारात मीठ जास्त झालं होतं. मीठ मी घातलं होतं, पण मला बोलायला वेळच मिळाला नाही. लोकांना सांगितलं, विहिरीच्या कठड्यावर घसरली. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण त्या लाइनीत सगळ्यांच्याच बायका अधूनमधून कठड्यावर घसरत. तू मात्र अम्माला शेवटची आंघोळ घालायला आलेल्या बायकांत घुसलीस. आमच्या बायकांनी तुला शिवू दिलं नाही. तू दारात उभी राहून नुसतं अम्माच्या डोक्याकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे.

त्यानंतर मार खायला घरात मी एकटीच. ते सगळं लिहीत नाही, तुला माहीत आहे, तूच तर रात्री कुंपणावरून हळदीचं तेल द्यायचीस. पण ती दुपार लिहिते, कारण ती मला अजून आवडते. हो, आवडते! अप्पा विळी घेऊन मागे लागला होता. मी अंगणातून पळतेय, पाय शेणात सटकतात, सगळ्यांची दारं बंद, तुझं उघडं. तू चुलीपाशी भात वेळत होतीस. मी तुझ्या मागे शिरले. अप्पानं दारातलं जाड लाकूड उचललं, विळी का टाकली देव जाणे, आणि माझ्या डोक्यावर घातलं. मधे तुझा हात आला. आवाज ओला ऊस मोडल्यासारखा. तू ओरडली नाहीस. दुसऱ्या हातातलं पातेलं, गरम पेजेसकट, सरळ त्याच्या पायांवर ओतलंस. अप्पा नाचला गं! माझ्या बापाला मी त्याआधी कधी नाचताना पाहिलं नव्हतं. अंगणभर नाचला, "शनियने, शनियने" अशी तमिळ शिवी देत. तू मला उचलायला वाकलीस आणि मी तुझ्या चांगल्या हाताला कचकचून चावले. मला वाटलं, आता मारायची तुझी पाळी.

मग कितीतरी दिवसांनी मी तुला विचारलं होतं, "तुमच्या धर्मात तर एका गालावर मारलं की दुसरा पुढे करतात ना?" तू म्हणालीस, "माझा गाल असता तर केला असता. तो तुझा होता." आणि भाकरी उलटलीस, एका हातानं.

अप्पा पोलिसात गेला नाही, आमच्या मंडळींत गेला. मुलगी ख्रिस्तीणीनं पळवली म्हणून. तात्यांच्या ओट्यावर बैठक बसली. तात्या म्हणजे आमच्यातले सगळ्यांत वडील, दात नाहीत, कान अर्धे, पण शब्द शेवटचा त्यांचा. त्यांनी तुला बोलावलं. तू आलीस, हात प्लास्टरमध्ये, मी तुझ्या पदराला. तुला खाली पायरीवर बसवलं. पोरगी परत जाणार हे ठरल्यासारखंच होतं, मला कळत होतं, कारण अप्पा फार शांत बसला होता आणि एकदा माझ्याकडे बघून हसला होता. घरी कोणतं लाकूड आणावं लागेल, त्याचा मी विचार करत होते.

तात्या म्हणाले, "बाई, ही तुमची कोण?"

तू म्हणालीस, "मुलगी."

"कशी? दत्तक घेतली?" आणि बाकीचे हसले. एक जण म्हणाला, "मुलीला कोण दत्तक घेतं? पिंड कोण देणार, ही?"

तू म्हणालीस, "आमच्यात देव दत्तक घेतो. मुलगा मुलगी बघत नाही. त्याला पिंड नको असतो."

आता ऐक, तेव्हा मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, पण का केलं ते मी कधी नीट सांगितलं का? थोड्याच दिवसांपूर्वी लाइनीतल्या एका घरी मुलगा दत्तक घेतला होता. होम झाला, भटजी आले, पण मला गर्दीत काही दिसलं नव्हतं. मोठ्यांच्या पायांमधून फक्त शेवट दिसला. पोराला बाईच्या मांडीवर बसवलं, तोंडात साखर घातली, आणि सगळे म्हणाले, झालं, आता हा ह्यांचा. मला वाटलं, दत्तक म्हणजे एवढंच. मांडी आणि साखर. तात्यांना कॉफी गोड लागे म्हणून त्यांच्याजवळ साखरेची वाटी होती. मी ओट्यावर चढले, मूठ भरून घेतली, तोंडात कोंबली, खाली उडी मारली आणि तुझ्या मांडीवर बसले. मी काय लहान होते? दहा वर्षांची बांबूसारखी पोरगी, तुझं प्लास्टर माझ्या पाठीखाली. तुला दुखलं असणार. साखरेनं मला ठसका लागला आणि मी सगळ्यांवर साखर उडवत ओरडले, "झालं! आता मी ह्यांची!"

कोणीतरी हसलं. अप्पा हसला नाही. उठला, माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला पायऱ्यांवरून ओढलं. हनुवटी दगडावर आपटली, ही खूण अजून आहे. मग त्यानं माझ्या बरगड्यांत लाथ घातली. एक, मग दुसरी. त्याला भानच राहिलं नाही की दार उघडं आहे. आई, मला वाटतं, तोच त्याचा पहिला उघड्यावरचा मार होता. सगळे बघत होते. तू त्याच्या पाठीवर प्लास्टर आपटत होतीस. आणि तात्या, ज्यांना उभं राहायला दोन माणसं लागत, ते एकटे उठले आणि त्यांची काठी अप्पाच्या नडगीवर अशी बसली की तो खालीच बसला. तात्या धापा टाकत म्हणाले, "आमच्यासमोर एवढं, तर आमच्यामागं केवढं?" मग माझ्याकडे बघितलं. "बसली ती बसली. घेऊन जा हिला, बाई. पण आमच्यात परत आणू नका." अप्पानं त्याच संध्याकाळी माझ्या नावानं आंघोळ केली. मी कुंपणावरून बघितलं. इतकं बरं वाटलं!

पण तुझ्याकडे येऊन मी सुखानं राहिले असं नाही. तू उठायच्या आत मी भांडी घासायचे, पाणी भरायचे, तुझे बूटसुद्धा पुसायचे. तू ओरडलीस, "मी मोलकरीण आणलेली नाही, पोर आणलीय! झोप मेले उन्हं येईपर्यंत!" मला तेही धमकीसारखं वाटलं. आणि रात्री प्रार्थनेला तू देवबाप म्हटलंस की माझे खांदे आपोआप वर. तू म्हणालीस, तो आपल्याला आपणहून घरचं करतो, चाकर नाही, लेकरू करतो, जे त्याचं ते सगळं आपलं. मी म्हटलं, "मला नको. एक बाप होता तेवढा पुरे." चर्चचे पाळकसाहेब चिडले, म्हणाले ही पोर हट्टी आहे, हिला बाप्तिस्मा कसा द्यायचा. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "थांबा की. तिला कुठं गाडी पकडायची आहे?"

मग माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. तुझ्या नवऱ्याचा कंदील, तू कोणाला हात लावू देत नसायचीस. तू दवाखान्यातून आलीस तेव्हा मी दारात उभी होते, सरपणातलं सगळ्यांत जाड लाकूड घेऊन. पातळ आणलं तर परत पाठवतात, म्हणून जाडच. तुझ्या हातात दिलं, पाठ केली, फ्रॉक वर केला. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. वाट बघणं मारापेक्षा वाईट असतं. मग मला चुलीचा आवाज आला. तू ते लाकूड आत सारून फुंकत होतीस, डोळे लाल, म्हणालीस धुरानं. म्हणालीस, "जाड आहे. आज वरणसुद्धा शिजेल ह्याच्यावर."

मी विचारलं, "तुझा तो देवबाप, तो लाकूड आणायला सांगतो का?"

तू फुंकणी खाली ठेवलीस. "त्याच्या स्वतःच्या पोराला लोकांनी मारलं. कोरडे ओढले, खिळे ठोकले, मरेपर्यंत मारलं. मार काय असतो ते त्याच्या घरात माहीत आहे. म्हणून तिथं पोरांवर हात उचलत नाहीत."

हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? सगळे आपले मेंढरं आणि हिरवी कुरणं सांगायचे. मी कधी कुरण बघितलंय? पण मार खाल्लेला मुलगा असलेलं घर, ते मला लगेच ओळखीचं वाटलं. त्या रात्री खांदे वर गेले, पण मी देवबाप म्हटलं. तू ऐकलंस आणि वरण वाढलंस. खारट झालं होतं. दोघींनी खाल्लं.

पुढे माझं लग्न झालं, थोरल्याच्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते, तेव्हा अप्पा तुझ्याच दवाखान्यात आला मरायला. लिव्हर गेलेलं. तू त्याला धुतलंस, पुसलंस, ज्या हातावर त्याचं लाकूड बसलं होतं त्या वाकड्या हातानं पेज भरवलीस. गार करून. आणि एक दिवस घरी येऊन म्हणालीस की गेला. जाताना माझं नाव घेतलं, अम्माचं घेतलं, रडला, आणि म्हणाला, तुमचा तो देव मला घेईल का. "मी म्हटलं, विचार त्याला. त्यानं विचारलं."

मी अंगणातली पाण्याची मडकी फोडली. सगळी. पोट सांभाळून, एकेक उचलून, विहिरीच्या कठड्यावर. "त्याला घेतलं तर मी नाही राहणार तिथं! अम्माच्या शेजारी बसवणार त्याला?" तू अडवलं नाहीस. पाणी तुझ्या पायांवरून वाहत होतं. शेवटचं मडकं तूच माझ्या हातात दिलंस, आणि म्हणालीस, "घर त्याचं आहे, बाळ. दार मी कसं लावू? मलाही कुठं आवडलं?" मग दोघी त्या खापऱ्यांत बसून रडलो, आणि संध्याकाळी पाणी भरायला घरात मडकं नव्हतं म्हणून शेजाऱ्यांकडे मागत फिरलो. शेजारीण म्हणाली, "सगळी एकदम कशी फुटली?" तू म्हणालीस, "घसरली."

आता पुरे, पोरगी पलंगाखालून माझा पाय ओढतेय. आज तिनं माझ्या पानातला पापड पळवला, म्हणजे प्रगती आहे. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि तू वाचून चुकांवर लाल रेघा मारशील. राहू दे इथंच. एक मात्र तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. मी रोज त्याच्याशी बोलते, देवबापाशी, अगदी गुडघ्याच्या दुखण्यापासून भाजीच्या भावापर्यंत. पण अप्पा तिथं आहे का, हे मी इतक्या वर्षांत त्याला एकदाही विचारलेलं नाही. विचारलं तर तो सांगेल.